हलत्या चित्राचे कार्ड

आमच्या पिढीतल्या पुष्कळांच्या कंपासपेटीत एक खास पट्टी असे. सरळ धरली की तिच्यावर उडणाऱ्या पाखराचे पंख वर दिसत, जरा तिरपी केली की खाली. वर्गात ही पट्टी दिवसभर बाकाखाली वरखाली होत राही आणि शेवटी गुरुजींच्या टेबलाच्या खणात जाई. तिच्यावरून नख फिरवले तर खर्र असा आवाज येत असे. त्या आवाजातच सगळे गुपित होते, पण ते तेव्हा आम्हांला कळले नाही. गुपित शोधण्यासाठी आम्ही पट्टीचा वरचा थर ब्लेडने खरवडून काढला. खाली पाखरू नव्हतेच. बारीक रेघांची नुसती गिचमीड होती. पट्टी गेली आणि पाखरूही गेले.

पुढे भौतिकशास्त्रात संशोधन करू लागल्यावर या पट्टीचा हिशेब कागदावर मांडायला दहा मिनिटे पुरली. हिशेब मांडणे आणि वस्तू बनवणे यांतले अंतर मात्र पुष्कळ वर्षांनी, एका कार्डाच्या निमित्ताने कळले. त्या कार्डाकडे येण्याआधी पट्टीचे घराणे पाहू. ते बरेच जुने आहे.

कोपनहेगनमधल्या रोझेनबोर्ग या राजवाड्यात बुआ-क्लेर या फ्रेंच चित्रकाराने १६९२ साली केलेली जोडचित्रे आहेत. डावीकडून पाहिले तर डेन्मार्कच्या राजघराण्यातली एक व्यक्ती दिसते, उजवीकडून पाहिले तर दुसरी. यात भिंग नाही. त्रिकोणी काप असलेल्या पट्ट्या शेजारीशेजारी बसवायच्या, प्रत्येक पट्टीच्या डाव्या उतारावर एका चित्राचा तुकडा आणि उजव्या उतारावर दुसऱ्याचा, एवढीच युक्ती. हे वर्गात एका तासात होण्यासारखे आहे. सारख्या आकाराची दोन चित्रे घ्या, त्यांच्या दोन सेंटिमीटर रुंदीच्या उभ्या पट्ट्या कापा, एक याची एक त्याची अशा क्रमाने लांब कागदावर चिकटवा आणि प्रत्येक जोडावर कागदाला पंख्यासारखी घडी घाला. मुलांना टेबलाभोवती फिरू द्या. शास्त्र नंतर सांगितले तरी चालते.

पट्ट्यांच्या जागी जाळी आली ती दोनशे वर्षांनी. फ्रान्समध्ये ओग्युस्त बेर्तिए याने १८९६ साली ही कल्पना लिहून ठेवली. अमेरिकेत फ्रेडरिक आइव्हज याने १९०१च्या सुमारास ती प्रत्यक्षात आणली आणि १९०३ साली तिचे पेटंट घेतले. दोन छायाचित्रे बारीक रेघांत कापून एकाआड एक मांडायची आणि त्यांच्यासमोर थोड्या अंतरावर काळ्या रेषांची जाळी ठेवायची. जाळीच्या फटीतून डाव्या डोळ्याला एका चित्राच्या रेघा दिसतात, उजव्याला दुसऱ्याच्या, आणि सपाट काचेवर खोली उमटते. हाच आइव्हज वर्तमानपत्रांतल्या ठिपक्यांच्या छपाईचाही एक आद्य प्रवर्तक होता. चित्र म्हणजे मुळात तुकड्यांची मांडणी, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेले असणार.

जाळीचा दोष उघड आहे. काळ्या रेषा बराचसा प्रकाश गिळून टाकतात. त्यावर तोड म्हणजे फटीच्या जागी भिंग. गाब्रिएल लिपमन याने मार्च १९०८मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे माशीच्या डोळ्यासारख्या असंख्य चिमुकल्या भिंगांच्या पत्र्याची कल्पना मांडली. त्याच वर्षी त्याला रंगीत छायाचित्रणासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. पण गोल भिंगांऐवजी एकाच दिशेने जाणाऱ्या दंडगोलाकार भिंगांच्या ओळी घेतल्या तर काम फार सोपे होते. स्विस नेत्रतज्ज्ञ वाल्टर हेस याने १९१२ साली सेल्युलॉइडच्या अशा पत्र्यासाठी पेटंटचा अर्ज केला. पुढे तो शरीरक्रियाशास्त्राकडे वळला आणि मेंदूवरच्या कामासाठी १९४९ साली त्यालाही नोबेल मिळाले. आमच्या खरवडलेल्या पट्टीच्या मागे असे दोन नोबेल विजेते उभे आहेत, हे गुरुजींना ठाऊक असते तर त्यांनी ती परत दिली असती की नाही, सांगता येत नाही.

आपण या पत्र्याला पन्हळी पत्रा म्हणू, कारण तो दिसतो अगदी छपराच्या पत्र्यासारखा. फक्त त्याचे उंचवटे वर असतात आणि पाठ सपाट असते. प्रत्येक उंचवटा म्हणजे एक लांबोडके भिंग. पत्र्याची जाडी अशी ठेवतात की भिंगाचा नाभी बरोबर मागच्या सपाट पाठीवर यावा. मग तुम्ही ज्या कोनातून पाहाल त्या कोनाशी जुळणारी पाठीवरची एकच बारीक रेघ भिंग मोठी करून दाखवते आणि ती भिंगाची सगळी रुंदी व्यापते. कोन बदला, शेजारची रेघ येते. पाठीवर एका भिंगाखाली दोन चित्रांच्या दोन रेघा असतील तर चित्र पालटते, बारा असतील तर हलते.

इथे एक गोष्ट मुलांकडून अवश्य करून घ्यावी. पन्हळी उभ्या असल्या तर दोन डोळे दोन वेगळ्या कोनांतून पाहतात, म्हणून दोन डोळ्यांना दोन चित्रे जातात. खोली दाखवायची असेल तर हे हवेच. पण चित्र हलवायचे असेल तर हीच अडचण ठरते, कारण एका डोळ्याला पंख वर आणि दुसऱ्याला खाली दिसून नुसता गोंधळ होतो. म्हणून हलत्या चित्रात पन्हळी आडव्या ठेवतात आणि वस्तू पुढेमागे कलवतात. एखादे पालटणारे चित्र मिळाले तर ते नव्वद अंशांतून फिरवून आधी एका आणि मग दुसऱ्या डोळ्याने पाहायला सांगा.

या पत्र्याला बाजारात आणले ते अमेरिकन जाहिरातदारांनी. व्हिक्टर अँडरसन याच्या कंपनीने व्हारी-व्ह्यू या नावाने पालटणारे बिल्ले काढले. १९५२च्या अध्यक्षीय निवडणुकीतला आयझेनहॉवरचा बिल्ला त्यांतला गाजलेला. एका कोनातून घोषणा, दुसऱ्यातून उमेदवाराचा चेहरा. २५ फेब्रुवारी १९६४च्या ‘लुक’ या पाक्षिकात एडिसनच्या अर्धपुतळ्याचे खोली दाखवणारे चित्र छापून आले. लाखो प्रतींत जाणारे असे हे पहिले चित्र. त्यासाठी चित्र आधी कागदावर छापून त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा थर दिला होता आणि त्या थरावर पन्हळींचा ठसा उठवला होता. १९६७ साली भूतानने अंतराळ या विषयावर अशी टपाल तिकिटे काढली. आपल्याकडच्या जुन्या संग्राहकांच्या वह्यांत ती अजून दिसतात. जपानी पोस्टकार्डे आली, किल्ल्यांच्या साखळ्या आल्या, जत्रेत देवांच्या तसबिरी आल्या आणि शेवटी आमची पट्टी आली.

दरम्यान दुसऱ्या एका वस्तूची वाटचाल चालू होती. डायनर्स क्लबचे १९५०चे कार्ड पुठ्ठ्याचे होते. अमेरिकन एक्स्प्रेसने १९५९ साली प्लास्टिकचे कार्ड काढले. १९६०च्या दशकात आयबीएमने कार्डावर चुंबकीय पट्टी बसवली. कार्ड कोणत्याही यंत्रात शिरायचे तर त्याचे माप सगळीकडे सारखे हवे, म्हणून आंतरराष्ट्रीय मानक ठरले. लांबी ८५.६० मिलिमीटर, रुंदी ५३.९८ मिलिमीटर, जाडी ०.७६ मिलिमीटर. या शेवटच्या आकड्याकडे लक्ष ठेवा.

कार्डे पसरली तशी खोटी कार्डेही पसरली. दुकानदाराकडे कसलेही उपकरण नसते, त्याच्याकडे फक्त दोन डोळे असतात. त्याला क्षणात पटेल पण छापखान्यात सहज उतरवता येणार नाही असे काही तरी कार्डावर हवे होते. कलवले की बदलणारे चित्र या कामाला चपखल बसते. तरीही मास्टरकार्डने १९८३ साली आणि पाठोपाठ व्हिसाने निवड केली ती होलोग्रामची. होलोग्राफीचा शोध डेनिस गाबोर याने १९४०च्या दशकाच्या अखेरीस लावला. साध्या प्रकाशात दिसणारा आणि ठसा मारून काढता येणारा होलोग्राम शक्य झाला तो स्टीफन बेंटन याच्या १९६०च्या दशकाच्या शेवटच्या कामामुळे. म्हणजे पन्हळी पत्र्यापुढे हे काल जन्मलेले बाळ. मग सत्तर वर्षांचे, बाजारात मुरलेले तंत्र मागे का पडले?

आमच्या मते उत्तर जाडीत आहे. फळ्यावर मांडून पाहा. भिंगाची त्रिज्या र आणि प्लास्टिकचा अपवर्तनांक न असेल तर प्लास्टिकच्या आत नाभीय अंतर र गुणिले न भागिले न वजा १ एवढे येते. पन्हळी पत्र्याच्या प्लास्टिकचा अपवर्तनांक १.५७च्या आसपास असतो, म्हणजे नाभीय अंतर त्रिज्येच्या सुमारे पावणेतीन पट. आता भिंगाची रुंदी त्रिज्येच्या दुपटीपेक्षा जास्त असू शकत नाही. तेवढी झाली की ते अर्धवर्तुळ होते. इंचाला ७५ पन्हळी असलेल्या पत्र्यात प्रत्येक भिंग ०.३४ मिलिमीटर रुंद असते, म्हणजे त्रिज्या किमान ०.१७ आणि जाडी किमान ०.४६ ते ०.४७ मिलिमीटर. पाऊण मिलिमीटरच्या कार्डात पुढच्या चित्रानेच साठ टक्के जागा खाल्ली. उरलेल्यात पाठीचा पत्रा, चुंबकीय पट्टी, सहीची जागा आणि डिंकाचा थर बसवायचा. शिवाय त्या काळी कार्डावरचे आकडे ठसा मारून उठवलेले असत, कारण कार्बन कागदावर त्यांची छाप घ्यायची असे. तो ठसा पन्हळींवर मारला की पन्हळी चिरडतात. होलोग्रामची चकती काही मायक्रॉनची. गरम ठशाने चिकटवली की काम झाले. बाकीच्या कार्डाला तिचा पत्ताही लागत नाही.

जाडी कमी करायची तर भिंगे अरुंद करा, असे कोणीही म्हणेल. बरोबर आहे. पण भिंग दहापट अरुंद केले की त्याखालच्या रेघाही दहापट बारीक छापाव्या लागतात. चांगल्या ऑफसेट छपाईच्या प्लेटवर इंचाला २४०० ठिपके उमटतात. ७५ पन्हळींच्या पत्र्यात भिंगामागे ३२ ठिपके मिळतात, १५०च्या पत्र्यात १६, आणि ७५०च्या पत्र्यात जेमतेम तीन. शाईने तिथवर जाता येत नाही.

हे सगळे आम्हांला एका ग्राहक भांडारामुळे शिकावे लागले. सभासदांना आधी पैसे भरून कार्ड घेता येई आणि मग महिनाभर त्यावर किराणा मिळे. कार्ड साधे छापील, वर प्लास्टिक चढवलेले. रंगीत झेरॉक्स स्वस्त झाली आणि खोटी कार्डे येऊ लागली. तूट निघाली की ती गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाच्या पगारातून कापली जाई. तो माणूस आमच्या ओळखीचा, शेजारच्या आळीतला. ‘सर, मला यंत्र नको. हातात धरल्यावर कळेल असं काही तरी करून द्या,’ एवढेच त्याचे मागणे होते. आम्ही लगेच होकार दिला. पट्टीचा हिशेब आम्हांला येत होता ना!

चित्र ठरले समईचे. एका कोनातून पेटलेली, दुसऱ्यातून विझलेली. ज्या छापखान्यात कार्डे बनत होती तिथली पद्धत नेहमीची होती. छापलेले पीव्हीसीचे पत्रे एकावर एक ठेवून गुळगुळीत पोलादी पाट्यांमध्ये सुमारे १४० अंश सेल्सिअसला दाबायचे, दाबातच थंड करायचे आणि मग कार्डे कापून काढायची. आम्ही दिलेला पन्हळी पत्रा त्यांनी इमानेइतबारे त्याच दाबयंत्रात घातला. हे प्लास्टिक ८० अंशांच्या आसपासच मऊ पडते. बाहेर आला तो काचेसारखा सपाट पत्रा आणि त्याखाली रेघांची गिचमीड. लहानपणी ब्लेडने जे केले होते तेच आता यंत्राने झाले. चूक छापखान्याची नव्हती, आम्ही सांगायला विसरलो होतो. यावर दोन उपाय आहेत. एक तर गुळगुळीत पाटीऐवजी पन्हळींची उलटी कोरलेली पाटी दाबयंत्रात घालायची, म्हणजे कार्ड जुळता जुळताच भिंगे तयार होतात. अशी पाटी कोरून घेणे आमच्या आवाक्याबाहेरचे होते. दुसरा उपाय म्हणजे तयार पत्र्याच्या पाठीवर छापून मागचा पत्रा थंड अवस्थेतच डिंकाने जोडायचा. ०.४६ अधिक पाव मिलिमीटर अधिक डिंक, बरोबर ०.७६. कागदावर छान जमले.

पुढच्या खेपेला कार्डाच्या वरच्या भागात समई पेटलेली आणि खालच्या भागात विझलेली, तीही एकाच वेळी! असे का, याचे उत्तर भागाकारात आहे. कार्डाच्या ५४ मिलिमीटर रुंदीत सुमारे १५९ पन्हळी येतात. पत्र्यावर ७५ लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात तो इंचाला ७५.२४ भरला तर या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्ध्या भिंगाचा फरक पडतो, आणि दोनच चित्रे असताना अर्धे भिंग म्हणजे संपूर्ण दुसरे चित्र. चूक फक्त हजारात तीन भागांची. प्लास्टिक तापमानाने प्रसरण पावते. दहा अंशांच्या फरकाला हजारात पाऊण भाग. दुपारी मोजलेला पत्रा सकाळी छापला तर तेवढी चूक आपोआप होते. त्यात आणखी एक मेख आहे. कार्ड हातभर अंतरावरून पाहतात, म्हणून डोळ्यापासून कार्डाच्या वरच्या आणि खालच्या कडेचा कोन वेगळा असतो. सगळे कार्ड एकदम पालटायला हवे असेल तर छापील रेघांमधले अंतर भिंगांच्या अंतरापेक्षा किंचित जास्त, साधारण हजारात एक भाग, ठेवावे लागते. मुरलेले कारागीर यासाठी समीकरण मांडत बसत नाहीत. ७४.८, ७४.९, ७५.०, ७५.१ अशा अंतरांच्या काळ्या रेघांचे पट्टे एका कागदावर छापतात, वर पत्रा ठेवतात आणि हातभर दूर धरून कलवतात. जो पट्टा अथपासून इतिपर्यंत एकदम काळा आणि एकदम पांढरा होतो, ते अंतर खरे. आम्हांला ही युक्ती छापखान्यातल्या एका वयस्कर मशीनमनने सांगितली, आमचा भागाकार शांतपणे ऐकून घेतल्यावर.

तिसऱ्या खेपेला अंतर जुळले, पण विझलेल्या समईवर पेटलेल्या ज्योतीचे भूत दिसत होते. भिंग आदर्श नसते, शेजारच्या रेघेतला थोडा प्रकाश झिरपतोच, आणि काळ्यावर पिवळे असले की तो ओरडून सांगतो. आम्ही विझलेली समई सोडून दिली. ज्योत आधी डावीकडे आणि मग उजवीकडे झुकलेली दाखवली. भूत राहिले, पण ते ज्योतीच्या थरथरीत मिसळून गेले. हलत्या चित्रांत तीव्र विरोधाचे रंग का टाळतात, ते असे कळले.

झेरॉक्स यंत्र एकाच कोनातून पाहते, त्यामुळे या कार्डाची प्रत काढली की दोन ज्योतींचा रेघाळ काला निघतो आणि कलवून तो हलत नाही. तेवढ्यावर भांडाराचे भागले. हे मोठ्या बँकेच्या कामाचे नव्हते हेही सांगितले पाहिजे. पन्हळी पत्रा बाजारात कोणालाही विकत मिळतो, आणि आम्ही तीन खेपांत शिकलो ते चोर चार खेपांत शिकेल.

मोठ्या कामांसाठी या तंत्राला नवे रूप मिळाले ते १९८०च्या दशकात, जर्मनीत. कार्ड पॉलिकार्बोनेटचे करायचे, उलट्या कोरलेल्या पाटीने त्याच्या एका कोपऱ्यात पन्हळी उठवायच्या, आणि चित्र आधी छापायचेच नाही. तयार कार्डावर त्या पन्हळींमधूनच लेझर सोडायचा. एका कोनातून सोडलेला किरण भिंग एका जागी गोळा करते आणि तिथले प्लास्टिक आतून करपून काळे पडते. दुसऱ्या कोनातून सोडलेला किरण शेजारी पडतो. एका कोनातून धारकाचा चेहरा लिहायचा, दुसऱ्यातून त्याचा क्रमांक. ज्या भिंगाने वाचायचे त्याच भिंगाने लिहिल्यामुळे हजारात तीन भागांची चूक व्हायला जागाच उरत नाही. आमच्या छापखान्यातल्या दोन रात्री आठवल्या की ही युक्ती आम्हांला विलक्षण देखणी वाटते. अनेक देशांच्या ओळखपत्रांवर आणि वाहन परवान्यांवर हा कोपरा दिसतो.

जाडीचे कोडे चलनी नोटांनी सोडवले. ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतल्या हटली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली एका निबंधात दाखवले की सूक्ष्म भिंगांची जाळी आणि जवळजवळ तेवढ्याच अंतराने मांडलेल्या सूक्ष्म चित्रांची जाळी एकमेकींवर ठेवली की चित्राची मोठी प्रतिमा तरंगताना दिसते. दोन जाळ्यांतला जो फरक आम्ही जिवाच्या आकांताने घालवत होतो, तोच इथे कामाला लावला आहे. स्वीडनच्या हजार क्रोनरच्या नोटेत २००६ साली आणि अमेरिकेच्या शंभर डॉलरच्या नोटेत २०१३ साली अशा भिंगांची पट्टी आली. डॉलरवरच्या निळ्या पट्टीतल्या घंटा नोट कलवली की सरकतात. ही चित्रे शाईच्या ठिपक्यांनी छापलेली नसतात. ती ठिपक्याहूनही बारीक असतात.

पैशाच्या कार्डावर मात्र खात्री पटवण्याचे काम डोळ्यांकडून चिपकडे गेले. भारतात रिझर्व्ह बँकेने चुंबकीय पट्टीची जुनी कार्डे बदलून चिपची कार्डे देण्यासाठी ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत ठरवली होती. चिपचा सोनेरी चौकोन कार्डाच्या पुढच्या बाजूला पृष्ठभागाशी अगदी समतल असावा लागतो, म्हणजे पन्हळींना तेवढी जागा सोडावीच लागते. भेटकार्डांवर आणि हौसेच्या कार्डांवर हलती चित्रे दिसतात, पण ती शोभेची. गल्ल्यावरचा माणूस आता कार्ड हातात घेऊन पाहत नाही.

भांडाराची कार्डे नऊ वर्षे चालली. आता तिथे गल्ल्यावर क्यूआर कोडची पाटी उभी आहे. आमच्या ओळखीचा माणूस निवृत्त झाला. कामाच्या शेवटच्या दिवशी त्याने खणातली उरलेली पंचवीसएक कोरी कार्डे आणि रेघांच्या पट्ट्यांचा तो चाचणीचा कागद आम्हांला आणून दिला. कार्डे आम्ही तालुक्यातल्या दोन शाळांत वाटली. एक ताकीद देऊन वाटली, की ब्लेडने खरवडू नका. आठवड्याने गेलो तेव्हा आठवीच्या वर्गातले एक कार्ड खरवडलेले होते आणि त्याखालच्या रेघा मुलांनी भिंगाखाली मोजून काढल्या होत्या. उत्तर १५८ आले होते.